यजमानांनी दाखवलेला चीन

(नगर येथील कार्यकर्ता अभ्यासवर्गातील व्याख्यान)



२०२० साली खंडित झालेली भारत-चीन थेट विमानवाहतूक २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात पुन्हा सुरू झाली, आणि सहल कंपन्यांच्या जाहिरातींत बीजिंग, शिआन व शांघाय ही तीन नावे पुन्हा एका ओळीत दिसू लागली. आठ-दहा दिवसांचा प्रवास, पंधरा-वीस माणसांची तुकडी, सोबत मराठी बोलणारा सहलप्रमुख आणि रात्रीच्या जेवणाला वरणभात. नगर जिल्ह्यातही, ज्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, अशा सहलींना जाऊ शकणारा वर्ग आता तयार झालेला आहे. निवृत्त शिक्षक, बागाईतदार, कारखान्यांचे सभासद यांचा तो वर्ग असून पक्षाच्या सहानुभूतिदारांपैकीही काहीजण त्यात आहेत. त्यांना कोणी नाके मुरडण्याचे कारण नाही. ज्या देशाने समाजवादाच्या नावावर इतके मोठे प्रयोग केले आणि इतक्या मोठ्या चुकाही केल्या, तो देश समाजवाद्याने डोळ्यांनी पाहणे इष्टच आहे. मात्र मार्गदर्शकाच्या छत्रीमागून चालत चीन पाहण्याची भारतीयांची ही पहिली वेळ नव्हे. पूर्वीच्या अशा यात्रांचा हिशेब तपासला, तर आजच्या प्रवाशाला पुष्कळ उपयोगाचे हाती लागते.

या हिशेबाची सुरुवात भुईकोट किल्ल्यातून करणे योग्य ठरेल. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद तेथे आणून ठेवले गेले. त्यांत जवाहरलाल नेहरू होते. १९३९ च्या ऑगस्टमध्ये ते चुंगकिंगला जाऊन आले होते, आणि युरोपात युद्ध पेटल्यामुळे तो दौरा अर्धवट टाकून परतले होते. त्याच किल्ल्यात समाजवादी चळवळीचे आचार्य नरेंद्र देवही होते. दम्याने बेजार असतानाही त्यांनी वसुबंधूच्या 'अभिधर्मकोशा'च्या हिंदी अनुवादाचे काम तेथे चालवले होते. त्यांच्यासमोर जो फ्रेंच ग्रंथ होता, तो ह्युएनत्संगाने सातव्या शतकात केलेल्या चिनी अनुवादाच्या आधाराने सिद्ध झालेला होता. म्हणजे भारतात लिहिलेला ग्रंथ शिआनला गेला, तेथून पॅरिसच्या विद्येत आला आणि नगरच्या तुरुंगात पुन्हा एका भारतीय भाषेत उतरू लागला. आजच्या सहलीत शिआनचा जो 'मोठा हंस पॅगोडा' दाखवतात, तो ह्युएनत्संगाने भारतातून नेलेल्या पोथ्या जपून ठेवण्यासाठी ६५२ साली बांधला गेला. मार्गदर्शक त्याची उंची सांगतो. नगरच्या माणसाने तेथे उभे राहून भुईकोट किल्ला आठवावा, एवढा त्या जागेवर त्याचा हक्क आहे.

हेच नरेंद्र देव १९५२ साली विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखालील सांस्कृतिक शिष्टमंडळातून चीनला गेले. त्यात फ्रँक मोराएस हेही होते. आदल्या वर्षी, १९५१ मध्ये, पंडित सुंदरलाल यांच्या सदिच्छा मंडळाबरोबर आर. के. करंजिया जाऊन आले होते. दोघेही मुंबईचे संपादक, दोघेही नव्या सत्तेचे पाहुणे आणि दोघांनीही परतल्यावर पुस्तके लिहिली. करंजियांना उठून उभे राहिलेले राष्ट्र दिसले; मोराएस यांना शिस्तीखाली दबलेला माणूस दिसला. यांपैकी कोणी खोटे लिहिले असे मानण्याचे कारण नाही. जो तो आपल्याबरोबर नेलेला चष्मा घेऊन परत आला, आणि यजमानांनी दोघांच्याही चष्म्याला पुरेल इतके दाखवले.

पाहुण्यांना दाखवण्याची त्या काळची रीत ठरलेली असे. गावात पोचताच पाहुण्यांना एका खोलीत बसवले जाई, झाकणाच्या पेल्यांतून चहा येई, आणि तेथील जबाबदार व्यक्ती 'थोडक्यात परिचय' करून देई. मुक्तीपूर्वी एकरी उतारा किती, मुक्तीनंतर किती. पूर्वी साक्षर किती, आता किती. मग शेत, मग बालवाडी, मग एखाद्या शेतकऱ्याचे घर. प्रश्न विचारण्यास मनाई नसे. दुभाष्यामार्फत विचारलेल्या प्रश्नाला दुभाष्यामार्फत उत्तर मिळे, आणि उत्तर देणारा उद्याही त्याच गावात राहणार आहे, ही गोष्ट पाहुण्याच्या ध्यानात क्वचितच येई.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची यात्रा १९५६ ची. त्या वर्षी भारत सरकारने शेतीच्या अभ्यासासाठी चीनला दोन मंडळे पाठवली. सहकारी शेतीच्या मंडळाचे नेते होते नागपूरचे आर. के. पाटील. आय.सी.एस.ची नोकरी सोडून आलेले आणि पहिल्या नियोजन आयोगाचे सभासद राहिलेले हे गृहस्थ सहज भुलणाऱ्यांपैकी खचित नव्हते. पण ते गेले तो क्षणच विलक्षण होता. १९५५ च्या मध्यास चीनमधील सुमारे चौदा टक्के शेतकरी कुटुंबे सहकारी संस्थांत होती. १९५६ संपेपर्यंत हे प्रमाण पंचाण्णव टक्क्यांच्या वर गेले. कोट्यवधी कुटुंबे दीड वर्षात स्वेच्छेने आपला बांध मोडतात, ही गोष्ट बांधाच्या वितीसाठी पिढ्यान्पिढ्या कोर्टात जाणाऱ्या नगर जिल्ह्यात कोणी सांगितली असती, तर श्रोत्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असता, हे सांगण्याची जरुरी नाही. मंडळाचा अहवाल १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुमताने भारतातही सहकारी शेतीचा मार्ग सुचवला. दोन सभासदांनी मात्र भिन्न मतपत्रिका जोडली. चीनच्या संस्थांतील स्वेच्छेविषयी आणि लोकशाही देशातील त्यांच्या उपयुक्ततेविषयी त्यांना शंका होती. गावे तीच, दुभाषे तेच, चहाही तोच. त्या दोघांच्या पत्रिकेला पुढे फारसे कोणी विचारले नाही. १९५९ च्या जानेवारीत काँग्रेसने नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला. त्याच सुमारास चीनमध्ये सहकारी संस्था विरघळवून 'जनकम्यून' उभे राहिले होते, सामुदायिक भोजनगृहांतील धान्य संपत चालले होते, आणि खालचे अधिकारी वरच्यांना विक्रमी उत्पादनाचे आकडे कळवीत होते.

१९५९ ते १९६१ या वर्षांच्या दुष्काळात किती माणसे मेली याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. याच काळात पाहुण्यांच्या यात्रा चालूच होत्या, आणि कार्यकर्त्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. १९६० मध्ये क्रांतीचा जुना मित्र एडगर स्नो हिंडून आला. १९६० आणि १९६१ मध्ये फील्ड मार्शल माँटगोमेरी जाऊन आले. १९६१ मध्ये पुढे फ्रान्सचे अध्यक्ष झालेले मितराँ जाऊन आले. एक डावा पत्रकार, एक साम्राज्याचा सेनापती, एक मुरलेला राजकारणी. तिघांनीही चीनमध्ये मोठा दुष्काळ असल्याचे नाकारले. ते विकले गेले नव्हते. त्यांना नेले तेथे दुष्काळ नव्हता, इतकेच.

या ठिकाणी नगर जिल्ह्याचा स्वतःचा अनुभव शेजारी ठेवून पाहावा. १९७२ चा दुष्काळ या जिल्ह्याने भोगला आहे. विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोलाने गेली, खडी फोडून बायकांचे हात सोलले आणि सुकडीवर दिवस निघाले. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. हाल अपरंपार झाले. पण चीनसारखा संहार झाला नाही. याचे श्रेय सरकारच्या दयाबुद्धीला देणे भाबडेपणाचे होईल. मोर्चे निघत होते, विधानसभेत मंत्र्यांना जाब विचारला जात होता, वर्तमानपत्रे रोज गावांची नावे छापत होती, आणि त्यातूनच रोजगार हमीचा कायदा पुढे आला. दुष्काळ पाहायला पाहुण्यास न्यावे लागले नाही. दुष्काळच मोर्चा घेऊन कलेक्टर कचेरीवर आला. अमर्त्य सेन यांनी चीनच्या दुष्काळासंबंधी विरोधी पक्षाच्या आणि स्वतंत्र वृत्तपत्रांच्या अभावाकडे जे बोट दाखवले, ते नगरच्या शेतमजुराला पुस्तकावाचून कळण्यासारखे आहे.

तथापि एवढे बोलून छाती फुगवणेही बरे नाही. त्याच सेन यांनी दुसरी बाजूही मांडली आहे. १९८० च्या सुमारास चिनी माणसाचे सरासरी आयुर्मान भारतीयापेक्षा दहाएक वर्षांनी अधिक होते. गावोगावचा अनवाणी डॉक्टर, मुलींची शाळा, जमीनदारीचे उच्चाटन या गोष्टी दिखाऊ नव्हत्या. भारतात मोठा दुष्काळ पडू न देणारी लोकशाही रोजच्या कुपोषणाने मरणाऱ्या बालकांची बातमी पहिल्या पानावर आणू शकली नाही. चीनला जाणाऱ्याने हा सल मनात घेऊनच जावे.

आता ताचाईचे पाहू. शांशी प्रांतातील हे डोंगरकपारीचे, ऐंशीएक कुटुंबांचे खेडे. लोकांनी हाताने दगड रचून उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेते केली. १९६३ च्या ऑगस्टमधील पुराने ती वाहून गेली, तेव्हा सरकारी मदत नाकारून गावाने ती पुन्हा उभारली. १९६४ मध्ये माओंनी 'शेतीत ताचाईपासून शिका' असा आदेश दिला, आणि गावाचे तीर्थक्षेत्र झाले. लाखो चिनी शेतकरी आणि देशोदेशींचे पाहुणे तेथे नेले गेले. डोक्याला पांढरा टॉवेल गुंडाळणारा गावाचा पुढारी चेन योंगक्वेइ १९७५ मध्ये उपपंतप्रधान झाला. १९८० मध्ये तो पायउतार झाला, आणि चिनी वृत्तपत्रांनीच लिहिले की ताचाईच्या परिसरातील उत्पादनाचे आकडे फुगवलेले होते आणि सरकारची मदतही मिळत होती. गावकऱ्यांचे श्रम खरे होते. त्यांच्या हातांचे घट्टे कोणी रंगवलेले नव्हते. अनर्थ झाला तो पुढे. जेथे डोंगर नव्हता तेथेही ताचाई उभारण्याचा हुकूम सुटला. कुरणे नांगरली गेली, तळी बुजवून धान्य पेरले गेले. दरम्यान १९७८ मध्ये आन्हुई प्रांतातील शियाओगांग गावच्या अठरा कुटुंबांनी चोरून कागद केला आणि जमीन घरोघर वाटून घेतली. तेथे कोणत्याही पाहुण्याला नेलेले नव्हते. चीनची शेती पुढे ज्या वाटेने गेली, ती मात्र त्या गावातून निघाली.

हे ऐकताना नगरच्या श्रोत्यांना आपल्या जिल्ह्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही, कारण हा जिल्हाच पाहुण्यांना दाखवण्याचा जिल्हा आहे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी, नगर तालुक्यातील हिवरे बाजार, लोणीचा प्रवरा कारखाना. या ठिकाणी बसगाड्या येतात, पाहुण्यांना बसवून पूर्वीचे गाव आणि आताचे गाव समजावले जाते, मग बांध, नाला आणि शाळा. तेथील काम अस्सल आहे. पर्जन्यछायेतील हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून ऊस दूर ठेवला, ही गोष्ट उसाने तहानलेल्या या जिल्ह्यात धाडसाचीच म्हणावी लागेल. परंतु आदर्श गाव योजनेत निवडलेल्या सर्वच गावांना ते यश मिळाले नाही. का मिळाले नाही, हे अयशस्वी गावाला भेट दिल्यावाचून कळायचे नाही, आणि अयशस्वी गावाला बस जात नाही. पाण्याची पातळी वाढल्यावर ज्याला विहीरच नाही त्या भूमिहीन कुटुंबाच्या पदरात काय पडले, हा प्रश्नही परिचयाच्या वेळी सहसा कोणी विचारत नाही. ताचाईला गेलेल्यांनी तो विचारला नाही म्हणून त्यांना हसण्याचा अधिकार येथे कोणाला आहे?

मार्गदर्शकावाचून चीन पाहिलेल्या एका मराठी माणसाचे नाव येथे घ्यावेच लागेल. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून गेले. नागपूरचे डॉ. चोळकर त्याच पथकात होते. कोटणीस तेथेच राहिले, चिनी शिकले, आघाडीवर जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, तेथेच लग्न केले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारले. पथक पाठवण्यात पुढाकार घेणारे नेहरू त्या दिवशी नगरच्या किल्ल्यात बंदिवान होते. कोटणीसांची समाधी शिजियाझुआंगला आहे. बीजिंगहून वेगवान आगगाडीने ते गाव फार दूर नाही. मराठी तुकड्यांनी आग्रह धरला, तर भिंतीच्या खरेदी-दुकानातील दोन तास कमी करून तेथे जाता येईल.

आजची सहल जुन्या यात्रांहून वेगळी आहे. आता यजमान पक्षाचा सचिव नसून कंपनी आहे, आणि तिला चीनविषयी कोणाचे मत बनवायचे नाही. तिला रेशमाच्या व चहाच्या दुकानात गिऱ्हाईक न्यायचे आहे. त्यामुळे पाहण्यास मोकळीक अधिक आहे, आणि न पाहण्यासही. शांघायच्या नदीकाठी उंच इमारतींचे दिवे पाहताना त्या कोणी बांधल्या, हे विचारता येते. गावाकडची नोंद असलेले आणि शेतीबाहेरच्या कामाला लागलेले असे जवळजवळ तीस कोटी मजूर चीनमध्ये आहेत, आणि त्यांपैकी बरेच गाव सोडून आलेले आहेत. १९५८ पासून चालत आलेल्या 'हुकोऊ' या कुटुंबनोंदणीमुळे शहरात राबूनही शहरी शाळा, दवाखाना आणि निवृत्तिवेतन यांवर त्यांचा हक्क दुय्यम राहतो. लहान शहरांत हे नियम सैल झाले, बीजिंग-शांघायमध्ये नव्हेत. हॉटेलात खोली झाडणाऱ्या बाईला तिचे मूल कोठे शिकते, हा एकच प्रश्न दुभाष्याकरवी विचारला, तरी परिचयाच्या तासाभरात न मिळणारे उत्तर मिळण्याचा संभव आहे.

हा प्रश्न नगरच्या माणसाला सुचायला हवा, कारण त्याने तो घरी पाहिलेला आहे. पाथर्डी-शेवगावातून आणि बीडमधून दरसाल ऊसतोडीचे कोयते निघतात. मुकादमाची उचल अंगावर घेऊन नवराबायको कारखान्याच्या रानात उतरतात, आणि मुलांची शाळा मागे गावी राहते. सहकाराचा पहिला कारखाना पाहण्यास येणारा पाहुणा गव्हाणीपासून साखरेच्या पोत्यापर्यंत सर्व पाहतो. कोप्या रस्त्यापासून जरा आत असतात. हंगाम संपल्यावर आलेल्यास तर तेथे चुलींचे काळे दगडच काय ते दिसतात.