खिशातला पैसा आणि खात्यातला पैसा

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मी शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस. उभा राहिलो की बोंडअळीवर बोलणार, असे तुम्हाला वाटते. आज अळीवर बोलायचे नाही. किराणा दुकानाच्या गल्ल्याशेजारी जे यंत्र येऊन बसले आहे, त्याच्यावर बोलायचे आहे. कार्ड घासायचे, चार आकडे दाबायचे, पैसे गेले. शेजारी स्कॅनरचा कागद चिकटवलेला. फोन धरला, पैसे गेले.

शहरातला नोकरदार म्हणतो, देश रोखीकडून कार्डाकडे गेला. त्याच्यापुरते ते खरे आहे. त्याचा पगार महिन्याच्या महिन्याला खात्यात पडतो. आपले काय? कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात रोख दिसते ती कापूस विकल्यावर. बाकीचे महिने आपण रोखीवर जगत नाही, उधारीवर जगतो. तेलमीठ किराणावाल्याच्या वहीत, बीखत कृषी केंद्राच्या वहीत. म्हणजे आपल्याकडे कार्ड येते ते नोटेच्या जागी नव्हे, वहीच्या जागी. आणि साधे कार्ड उधार देत नाही. खात्यात असेल तेवढेच देते.

उधार देणारे कार्ड एकच, किसान क्रेडिट कार्ड. ते १९९८ साली आले. नावाला कार्ड, प्रत्यक्षात पासबुकाचा भाऊ. २०१२ च्या सुधारणेनंतर एटीएममध्ये आणि दुकानात चालेल असे कार्ड देण्याचे ठरले. याचा फायदा आहे, तो मी नाकारत नाही. पीककर्ज एकरकमी काढून घरात ठेवले तर व्याज साऱ्या रकमेवर धावते. बियाण्याच्या दिवशी बियाण्यापुरते, खताच्या दिवशी खतापुरते दिले, तर व्याज वापरलेल्या रकमेवरच. मात्र एक लक्षात ठेवा. यंत्रातून निघालेली चिठ्ठी म्हणजे पक्के बिल नव्हे. त्या चिठ्ठीवर वाण नसतो, लॉट नंबर नसतो. बी उगवले नाही तर तक्रार चालते ती पक्क्या बिलावर आणि जपून ठेवलेल्या पिशवीवर.

आता २०१६ आठवा. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. चलनातल्या एकूण रकमेपैकी सुमारे ८६ टक्के रक्कम त्या नोटांत होती. आपला कापूस तेव्हा घरात येत होता. १४ नोव्हेंबरपासून जिल्हा सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायलाही मनाई, बदलून द्यायलाही मनाई. आपली खाती नेमकी त्याच बँकांत! आणि वर उपदेश काय, तर कार्ड वापरा. ज्या गावात वीज टिकत नाही, फोनला रेंज नाही, तिथे कार्ड कशावर घासायचे?

तेव्हापासून यंत्रे आली, रेंजही बऱ्यापैकी आली. तरी मूळ प्रश्न सुटला नाही. तो माझ्याच बाबतीत घडला म्हणून सांगतो. एका वर्षी विम्याचे चार पैसे खात्यात पडले. घरच्यांना घेऊन किराणा भरायला गेलो. सामान बांधून झाले, कार्ड घासले, यंत्राने नकार दिला. पुन्हा घासले, पुन्हा नकार. मागे लोक उभे. पैसे खात्यात होते, पण थकलेल्या कर्जापोटी बँकेने खाते होल्ड केले होते. ना चिठ्ठी, ना निरोप. बांधलेले सामान सोडून परत फळीवर ठेवावे लागले. पोरगी विचारत होती, बाबा, पैसे आहेत म्हणाला होता ना?

जुन्या लोकांना हे नवे वाटणार नाही. १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. तेव्हा चुकाऱ्यातून कर्ज परस्पर कापले जायचे. कापूस आपला, कात्री दुसऱ्याच्या हातात. आज सारा पैसा खात्यातून फिरू लागला, तर ती कात्री दर दिवसाच्या मीठमिरचीपर्यंत पोचते. खिशातली नोट कुणाची परवानगी मागत नाही. खात्यातला पैसा मागतो.

म्हणून कार्ड फेकून द्या, असे मी सांगत नाही. चार गोष्टी सांगतो.

पहिली. कार्डाने दिले म्हणून शेकडा दोन रुपये जादा मागितले तर जाब विचारा. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्डावर आणि खात्यातून थेट केलेल्या यूपीआयवर दुकानदाराला व्यवहारामागे शुल्क लागत नाही. मग हे दोन रुपये कशाचे?

दुसरी. आकडे कुणाला सांगू नका, दुकानातल्या ओळखीच्या पोरालाही नाही. तुमची चूक नसताना तिऱ्हाइताने पैसे काढले आणि बँकेचा निरोप आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवले, तर तोटा तुमच्यावर टाकायचा नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ साली बँकांना बजावले. आकडे तुम्हीच सांगितले असतील, तर कळवेपर्यंतचा तोटा तुमचा. फसवणूक झाली की लगेच १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेत लेखी द्या.

तिसरी. खताच्या दुकानात अंगठा लावता ते यंत्र अनुदानाच्या नोंदीचे. बँकेच्या माणसाकडे अंगठा लावता ते यंत्र तुमच्या खात्यातून पैसे काढते. कुठल्या यंत्रावर आणि कशासाठी, हे विचारल्याशिवाय अंगठा टेकवू नका. पावती घेतल्याशिवाय उठू नका.

चौथी, आणि ही एकट्याने होणार नाही. होल्ड लावण्याआधी बँकेने लेखी कळवले पाहिजे, आणि विम्याच्या, मदतीच्या पैशाला हात लावता कामा नये. नगदी चुकारा मागितला म्हणून कटती लावता कामा नये. या दोन मागण्या घेऊन प्रत्येक तालुक्याने आपापल्या बँकेच्या शाखेत आणि बाजार समितीत जायचे आहे. ज्यांची खाती होल्ड आहेत त्यांनी पासबुक घेऊन आज इथेच नावे नोंदवावीत. लाजू नका. थकलो ते भाव मिळाला नाही म्हणून, उधळले म्हणून नाही.

नोट द्यायची की कार्ड घासायचे, हे ज्याच्या घामाचा पैसा आहे त्याने ठरवावे. एवढेच मागणे आहे.