पाळी कोणाची, आणि किती वेळ?

उन्हाळ्यात पाटावर भिजवण करणारा शेतकरी तुम्ही पाहिला असेल. पाणी एक आणि वाफे अनेक. म्हणून एक माणूस फावडे घेऊन दारे धरतो. एका वाफ्याचे तोंड उघडायचे, तो भिजला की बांधायचे, मग पुढच्याचे उघडायचे. पाटाला पाणी किती यावे हे त्या माणसाच्या हाती नसते. कोणाला आधी, कोणाला नंतर आणि एकेकाला किती वेळ, एवढेच त्याच्या हाती असते. पण तेवढ्यावरच कोणता वाफा टवटवीत राहणार आणि कोणता माना टाकणार, हे ठरते.

आजचा माझा विषय संगणकातला आहे. नाव ऐकून बिचकू नका, कारण त्याचे सारे मर्म या दारे धरणाऱ्या माणसापाशीच आहे.

संगणकावर चालणारा एखादा कार्यक्रम एकाच वेळी अनेकांची कामे करीत असतो. एकाची पावती, दुसऱ्याचा शोध, तिसऱ्याचा हिशेब. अशा प्रत्येक कामाच्या ओळीला थ्रेड, म्हणजे धागा, असे म्हणतात. आणि ज्या भाषेत तो कार्यक्रम लिहिलेला असतो, त्या भाषेबरोबर एक यंत्रणा येते. कार्यक्रम चालू असताना ती त्याच्या मागे उभी राहून सगळी व्यवस्था पाहते. तिचे नाव रनटाइम. या धाग्यांना आळीपाळीने काम करू देणे, ही तिच्या अनेक कामांपैकी एक कामगिरी. एका धाग्याला एका वेळी जितका काळ मिळतो, त्याला टाइम स्लाइस म्हणतात. आपण त्याला सरळ पाळी म्हणू.

कल्पना काही आजची नव्हे. १९५०च्या दशकात संगणक इतका महाग होता, की तो एका माणसासाठी थांबवून ठेवणे परवडत नसे. आपले काम पत्त्यांवर भोके पाडून द्यायचे आणि उत्तराची वाट पाहत बसायचे, अशी रीत होती. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जॉन मॅकार्थी यांनी १ जानेवारी १९५९ रोजी एक टिपण लिहून सुचवले, की यंत्राचा वेळ अनेकांत वाटून द्यावा. नोव्हेंबर १९६१ मध्ये फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम ७०९ या यंत्रावर ते करूनही दाखवले. प्रत्येकाला थोडा थोडा वेळ, पण तो इतक्या भराभर, की प्रत्येकाला वाटावे, यंत्र माझ्या एकट्याचेच आहे.

तेव्हापासून आजतागायत एक प्रश्न मात्र तसाच आहे. हा 'थोडा वेळ' म्हणजे नेमका किती?

निरनिराळ्या भाषांनी त्याचे निरनिराळे उत्तर दिले आहे. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, हे ध्यानात ठेवा. जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी निर्माण केलेल्या रुबी या भाषेत पाळी १०० मिलिसेकंदांची. हास्केल भाषेच्या जीएचसी या संकलकात २०. गो भाषेत १०. पायथनमध्ये तर अवघी ५. पायथनची पाळी पूर्वी घड्याळावर नव्हती. शंभर सूचना पार पडल्या की पाळी संपली, असे मानीत. पण एक सूचना क्षणात उरकते, तर दुसरी रेंगाळते. मग शंभरांचा भरवसा काय? म्हणून फेब्रुवारी २०११ मध्ये आलेल्या ३.२ या आवृत्तीपासून पायथनने घड्याळ हाती घेतले. सांगायचे ते हे, की पाच आणि शंभर यांत वीसपटीचे अंतर आहे आणि दोन्ही आकडे जाणत्या माणसांनीच ठरवले आहेत. याचा अर्थ हा आकडा निसर्गनियम नव्हे, तो एक निवाडा आहे. आणि निवाडा म्हटला की कोणाच्या तरी बाजूने आणि कोणाच्या तरी विरुद्ध जाणारच.

तुम्ही म्हणाल, सेकंदाच्या दहाव्या भागाचे एवढे काय घेऊन बसलात? पापणी लवते तेवढा वेळ तो! मलाही तसेच वाटत असे. म्हणून माझ्या पाहण्यातला एक प्रसंग सांगतो.

२०२५ सालची गोष्ट. एका शिक्षणसंस्थेत फीच्या खिडकीवर एक बाई काम करीत. संस्थेचा कार्यक्रम रुबीत लिहिलेला होता. एरवी पावती झटकन निघे. महिनाअखेर आली, की एकेका पावतीला सात-आठ सेकंद लागत. रांग वाढे, पालक वैतागत. "अहो बाई, जरा हात उचला की!" असे कोणीतरी म्हणेच. पुढे तक्रार वर गेली आणि बाईंना लेखी खुलासा द्यावा लागला. मला त्या म्हणाल्या, "सर, मी बटण दाबून केव्हाची बसलेली असते हो. पुढं मशीनच बसून राहतं, त्याला मी काय करू?"

संस्थेने नवे, मोठे यंत्र घेतले. फरक पडला नाही.

आता हिशेब मांडू या. पावती काढताना कार्यक्रम माहितीच्या कोठाराला पंचवीस वेळा काही ना काही विचारीत असे. विद्यार्थ्याचे नाव, वर्ग, मागील बाकी, सवलत, असे. प्रत्येक वेळी उत्तर यायला सुमारे २ मिलिसेकंद आणि त्यावर स्वतःचे काम जेमतेम १ मिलिसेकंद. म्हणजे एकटीच पावती असेल, तर २५ गुणिले ३, एकूण ७५ मिलिसेकंद. झटकन निघे ती ही अशी.

महिनाअखेर तीन अधिकारी एकाच वेळी आपापले अहवाल काढीत. अहवालाचे काम जड. त्याला मध्ये कोणाला काही विचारायचे नसते, नुसत्या बेरजा करीत राहायचे असते. आणि रुबीत नेहमीच्या रीतीने लिहिलेल्या कार्यक्रमाचा नियम असा, की एका प्रक्रियेतले धागे कितीही असोत, एका वेळी त्यांतला एकच काम करतो. यंत्रात आठ गाभे असले तरी कुलूप एक आणि किल्लीही एकच. आता पाहा काय होते. पावतीचा धागा कोठाराला प्रश्न विचारतो आणि उत्तर येईपर्यंत रिकामे बसण्यापेक्षा किल्ली खाली ठेवतो. दोन मिलिसेकंदांत उत्तर येते. पण तोवर किल्ली पहिल्या अहवालाने उचललेली असते. तो आपले १०० पुरे करतो, मग दुसरा १००, मग तिसरा १००. एका प्रश्नामागे ३०० मिलिसेकंद. असे प्रश्न पंचवीस. २५ गुणिले ३००, म्हणजे साडेसात सेकंद! ज्या कामाची स्वतःची मेहनत सगळी मिळून २५ मिलिसेकंदांची, त्याला साडेसात सेकंद ताटकळत राहावे लागे. काम नसताना जो भला माणूस खुर्ची सोडून उठतो, तोच इथे सर्वांत जास्त रखडतो. डेव्हिड बीझली यांनी २०१० साली पायथनमधला असाच प्रकार जाहीर भाषणात मोजून दाखवला होता. जाणकार याला कॉन्व्हॉय, म्हणजे तांडा, म्हणतात. बैलगाड्यांच्या तांड्यामागे मोटार अडकावी तसे हे.

आणि नव्या यंत्राने फरक का पडला नाही, तेही यातच आले. यंत्र वेगवान झाले तरी पाळी शंभराचीच. ती घड्याळावर मोजलेली. वेगवान यंत्रात एवढेच झाले, की अहवाल आपल्या पाळीत अधिक बेरजा करू लागले. पावतीची वाट होती तेवढीच राहिली.

उपाय लहानसा होता. २५ डिसेंबर २०२४ रोजी रुबीची ३.४ ही आवृत्ती आली, तिच्यात ही पाळी बाहेरून ठरवण्याची सोय झाली. 'रुबी', 'थ्रेड' आणि 'टाइमस्लाइस' हे तीन शब्द मोठ्या अक्षरांत, अधोरेषांनी जोडून होणारे एक परिसर-चल आहे. कार्यक्रम सुरू करण्यापूर्वी त्यात मिलिसेकंदांचा आकडा घालायचा, कार्यक्रमातली एक ओळही बदलावी लागत नाही. आम्ही १० घातले. आता एका प्रश्नामागे वाट ३० मिलिसेकंदांची. पंचवीस प्रश्नांची मिळून पाऊण सेकंद. खिडकीवरची रांग पुन्हा हलू लागली आणि अहवालांना झालेला उशीर अधिकाऱ्यांच्या ध्यानातही आला नाही.

इथे कोणी विचारील, दहाने एवढा गुण, तर मग एक का नको?

दारे धरणाऱ्याला विचारा. पाणी एका वाफ्याकडून दुसऱ्याकडे वळवले की मधला कोरडा पाट आधी भिजतो, मग वाफ्यात पाणी उतरते. दर मिनिटाला दार बदलत राहिलात, तर बरेचसे पाणी पाटातच मुरायचे. संगणकातही असेच. धागा बदलताना जुन्याची मांडामांड आवरून नव्याची मांडावी लागते. शिवाय गाभ्याजवळच्या चिमुकल्या साठ्यात, ज्याला कॅश म्हणतात, जुन्या कामाची माहिती असते. नव्याची यायला वेळ लागतो. समजा, प्रत्येक बदलामागे एकूण ०.०५ मिलिसेकंद वाया जातो. पाळी १००ची असेल तर नुकसान दोन हजारांत एक. १०ची असेल तर दोनशेत एक. १ची केलीत, तर वीसात एक. सगळ्या यंत्राच्या कमाईचा विसावा हिस्सा नुसत्या उठाठेवीत गेला!

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. समजा, तीन सारखीच कामे आहेत, प्रत्येकी ३०० मिलिसेकंदांची. एकामागून एक केलीत, तर ती ३००, ६०० आणि ९००ला संपतील, सरासरी ६००. शंभराच्या पाळ्या दिल्यात, तर ७००, ८०० आणि ९००, सरासरी ८००. दहाच्या दिल्यात, तर ८८०, ८९० आणि ९००, सरासरी ८९०. पाहिलेत? शेवटच्याला काडीचा फायदा नाही आणि पहिल्या दोघांचा उशीर वाढला. कामे सारखीच असतील, तर बारीक पाळी कोणाचेच भले करीत नाही. लहान आणि मोठी कामे एकत्र आली, म्हणजेच ती लहानाच्या उपयोगी पडते. पाळीने वेळ निर्माण होत नाही. कोणी थांबायचे, एवढेच तिने ठरते.

तेव्हा तुमच्यापैकी जे कोणी या धंद्यात आहेत, त्यांना माझे सांगणे असे. आकड्याला हात लावण्यापूर्वी कोण थांबते आहे ते पाहा. नुसती सरासरी पाहून फसू नका. शंभरांतली जी एक विनंती सर्वांत रखडते, तिची वेळ मोजा, कारण खिडकीवर शिव्या खाणारा माणूस त्या एकीच्या मागेच उभा असतो. मग एकच बदल करा आणि पुन्हा मोजा. धागे उगाच भरमसाट ठेवू नका. रुबीत संकेतस्थळे रचण्यासाठी रेल्स नावाची चौकट वापरतात. २०२४ मध्ये आलेल्या तिच्या ७.२ या आवृत्तीने धाग्यांची ठरीव संख्या पाचावरून तीनवर आणली, ती अशाच अनुभवावरून. आणि पाळी संपली तरी धागा जागचा हलेल की नाही, हेही तपासा. गो भाषेत फेब्रुवारी २०२०च्या १.१४ आवृत्तीपूर्वी, ज्या फेऱ्यात कोठे दुसरे कार्य बोलावलेले नाही, अशा फेऱ्यात शिरलेल्या कामाला मध्येच उठवता येत नसे. दहाची पाळी कागदावरच राहायची.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाळी लहान करणे हा उतारा आहे, औषध नव्हे. आम्हीही पुढे अहवालांचे काम निराळ्या प्रक्रियेत नेले आणि शक्य ते रात्रीवर टाकले. जड काम आणि खिडकीचे काम एकाच किल्लीवर ठेवणे, हीच मुळात चूक होती. ती चूक बाईंची नव्हती. हा कार्यक्रम ज्याने रचला आणि ज्याने तपासला, त्यांची होती. आणि तपासणाऱ्यांत मीही होतो.

त्यांचा लेखी खुलासा मात्र अजून फायलीत आहे. तो काढून टाका असे मी सांगून पाहिले, पण फायलीतला कागद काढण्याची पद्धत नाही, असे उत्तर मिळाले. तेव्हा मी त्याच्या मागे एक कागद जोडून दिला आहे. त्यावर पंचवीस गुणिले तीनशेचा हा हिशेब आहे आणि खाली माझी सही आहे.