दिव्यावरचे पिवळे पाखरू
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणाची मला सवय नाही. पण विषय आपल्या खाचरातला आहे, म्हणून उभी राहिले.

आपल्या शहापूर-मुरबाडकडे पावसाळ्यात दिवा लागला की पाखरे झेपावतात. त्यांतले एक नीट पाहा. रंग पिवळा, आणि पुढच्या दोन्ही पंखांवर तीट लावावी तसा एकेक काळा ठिपका. ही मादी. नर लहान व भुरकट असतो. हा भाताच्या पिवळ्या खोडकिड्याचा पतंग.

पतंग भाताला तोंड लावीत नाही. जगतोही जेमतेम आठवडाभर. पण मादी पानाच्या शेंड्याजवळ पुंजक्याने अंडी घालते आणि वर आपल्या अंगावरची पिवळट लव पांघरते. सहा-आठ दिवसांत अळ्या निघतात, रेशमासारख्या धाग्याला लोंबकळत वाऱ्याने शेजारच्या रोपावर जातात व खोडात शिरतात. रोप कोवळे असेल तर मधला पोंगा सुकतो. तो गाभेमर. भात निसवल्यावर अळी शिरली तर पांढरी, पोचट लोंबी येते. तिला पळींज म्हणतात. तीन-चार आठवड्यांनी अळी खोडातच कोष करते. त्याआधी पतंगाला बाहेर पडायला भोक पाडून ठेवते!

मी नवी नवरी असताना खाचरातल्या पांढऱ्या लोंब्या पाहून म्हटले, "आत्याबाई, आपले भात आधी पिकले हो!" सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी एक लोंबी ओढली, ती अलगद हातात आली. दाणा एकही नव्हता. मग ताट नखाने चिरून आतली अळी दाखविली. त्या वर्षी होळीनंतर आम्हांला तांदूळ विकत आणावा लागला.

भगिनींनो, औषधाचा पंप पुरुषांच्या पाठीवर असतो, पण आवण उपटून मुठी आपणच बांधतो. तेव्हाच विळ्याने पानांचे शेंडे कापावेत. शेंड्यांबरोबर अंडीही जातात. ते शेंडे बांधावर टाकू नयेत, खड्ड्यात पुरावेत. कापणी जमिनीलगत करावी आणि नंतर धसकटे नांगरून काढावीत. कारण अळी त्यांतच पुढच्या पावसाची वाट पाहत दडून बसते. कृषी खात्याची माणसेही हेच सांगतात. पण एकट्या घराने करून भागत नाही. शेजारच्या खाचरातला पतंग आपला बांध मानीत नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच, की येत्या आवणीला आपण साऱ्याजणींनी मिळून हे करावे. मुठी बांधताना गाणी म्हणतोच. हातात विळाही असू द्या.