उंबरठा आणि खाडीकाठ
(शिरवणे येथील भाषण)



१९७० साली सिडकोची स्थापना झाली. नव्या मुंबईसाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या, त्यांत शिरवणे हेही होते. येथील जुन्या पिढीला खाडी व घर दोन्ही बदलताना पाहावे लागले. म्हणून हा विषय येथे मांडावासा वाटतो.

वृत्तपत्रांत खाजगी माहितीचे रक्षण आणि तिवरांचे रक्षण हे प्रश्न वेगवेगळ्या पानांवर येतात. वास्तविक त्यांचे मूळ एकच आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्काचा भंग असल्याचे सांगितले. दोन्ही निर्णयांना राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा, म्हणजे जीविताच्या हक्काचा, आधार आहे.

या दोन्ही ठेवी एकदा गेल्या की सहसा परत मिळत नाहीत. भरावाखाली गेलेली खाडी पूर्ववत होणे कठीण. बाहेर पडलेली माहिती परत बोलाविता येत नाही. यास्तव नंतरच्या दंडापेक्षा आधीची दक्षता मोलाची.

ही दक्षता आपल्याच हाती आहे. लाभार्थ्यांची यादी फलकावर लावणे हे पारदर्शकतेसाठी योग्यच. परंतु त्यांचे आधार क्रमांक लावण्याचे कारण नाही. शाळेतील मुलांची माहिती मागेल त्याला देऊ नये. तिवरांत राडारोडा पडताना दिसल्यास त्याच दिवशी कळवावे. नागरिकाने विश्वासाने दिलेले कागद आणि निसर्गाने दिलेला किनारा, दोहोंचे आपण मालक नव्हे, केवळ विश्वस्त आहोत.