कॅमेऱ्याचा संसार काटकसरीने कसा मांडावा

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भगिनी-संमेलनात केलेले भाषण)



भाषण करण्याचा मला सराव नाही. माझे शाळेचे शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे सारे स्वयंपाकघरात आणि बाजारात झाले. परंतु गेली काही वर्षे मंडळाच्या कार्यक्रमांचे फोटो मी काढते. ते पाहून आपल्यापैकी पाच-सहा जणींनी मला विचारले, "आम्ही कॅमेरा घेतला तर त्याच्याबरोबर आणखी काय काय घ्यावे लागते?" चिटणीसबाई म्हणाल्या, एकेकीला सांगत बसण्यापेक्षा सर्वांनाच एकदा सांगा. म्हणून हे चार शब्द.

फोटो मोबाईलनेही निघतात आणि चांगले निघतात, हे प्रथमच सांगते. परंतु ज्यांना ही कला मनापासून शिकावी असे वाटते, त्या कधी ना कधी कॅमेऱ्याकडे वळतात. मग दुकानात गेले, की कॅमेऱ्याच्या शेजारी दुकानदार दुसरी एक पेटी मांडतो. तिच्यात पिशवी, स्टँड, चार रंगांच्या काचा, भिंगावर चढवायची जादा भिंगे असे बरेच काही असते. "ताई, सगळे मिळून स्वस्तात पडेल," असे तो म्हणतो. नव्या संसारात सहा-सहा लेमनसेट माळ्यावर पडून राहतात आणि रोज लागणारी पळी मात्र घरात नसते, तशातलीच ही गत. आपल्या हातात जे पैसे असतात ते शिवणाचे, पापड-कुरडयांचे, नाही तर महिन्याच्या खर्चातून मागे टाकलेले असतात. ते एकदा वाया गेले, की घरची माणसे काही न बोलताही आपणच मन मारतो आणि छंद तिथेच संपतो. म्हणून या खर्चाला शिस्त हवी.

माझा नियम साधा आहे. एक लहानशी वही करावी. फोटो बिघडला तर तो कशाने बिघडला, हे तिच्यात लिहावे. हात हलला, उजेड कमी पडला, बॅटरी संपली, जे असेल ते. एकच कारण तीन वेळा लिहिले गेले, तर त्यावरची वस्तू घ्यावी. तोपर्यंत घेऊ नये. या नियमाला अपवाद दोनच. काढलेले फोटो सुरक्षित ठेवणाऱ्या वस्तू आणि कॅमेरा सुरक्षित ठेवणाऱ्या वस्तू पहिल्याच दिवशी घ्याव्यात, कारण तिथे तीनदा चुकण्याची सवड मिळत नाही.

आता पहिली वस्तू मेमरी कार्ड. आमच्या आळीत एका घरी पणतीचे बारसे झाले. पुतण्याने हौसेने फोटो काढले. कार्ड १२८ जीबीचे म्हणून रस्त्यावरून फार स्वस्तात आणलेले होते. घरी येऊन पाहतात, तो सुरुवातीचे फोटो ठीक, आणि पुढचे एकही उघडेना. पणजीने बाळाला मांडीवर घेतले तो फोटो त्या पुढच्यांतलाच होता. दोन महिन्यांनी पणजी गेल्या. अशा बनावट कार्डात जागा थोडीच असते. पण कॅमेऱ्याला आणि संगणकाला ती जास्त सांगेल, अशी करामत आत करून ठेवलेली असते. खरी जागा भरली, की पुढचे फोटो कुठे साठतच नाहीत. म्हणून कार्ड पावती देणाऱ्या दुकानातून घ्यावे. घरी आल्यावर ते एकदा फायलींनी काठोकाठ भरून त्या सर्व उघडतात की नाही हे संगणकावर पाहावे, आणि मगच कार्याला न्यावे.

कार्डावरच्या खुणाही वाचायला शिकाव्यात. वर्तुळात १० लिहिलेले असेल, तर ते कार्ड सेकंदाला निदान १० मेगाबाइट लिहू शकते. यू अक्षरात ३ किंवा व्ही ३० असेल, तर निदान ३०. सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुधा कार्डावरून वाचण्याच्या वेगाचा असतो. त्याला भुलू नये. साध्या फोटोंना १० पुरते. फार बारकाईचा व्हिडिओ काढायचा असेल तर ३० घ्यावे. माझ्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ३२ जीबीच्या कार्डावर सुमारे तीन हजार फोटो मावतात. एका मोठ्या कार्डापेक्षा दोन लहान बरी. सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवू नयेत, हे कोंबड्या पाळणाऱ्या बाईला सांगावे लागत नाही. कार्यक्रम झाला, की फोटो दोन ठिकाणी उतरवावेत आणि मगच कार्ड पुसावे.

दुसरी वस्तू जादा बॅटरी. लग्नकार्यात बॅटरी नेमकी मंगलाष्टकांच्या वेळी संपते! कंपनीची महाग वाटली, तर दुसऱ्या बनावटीची चालते. परंतु तिच्यावर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणी चिन्ह पाहून घ्यावे. बॅटरी पर्समध्ये किल्ल्या आणि नाण्यांबरोबर सुटी टाकू नये, तिच्या टोकांवर झाकण असावे. फुगलेली बॅटरी तर मुळीच वापरू नये.

तिसरी गोष्ट आपल्या कोकणातल्या बायकांसाठी फार महत्त्वाची. पावसाळ्यात लोणच्याला जशी बुरी येते, तशी भिंगालाही येते. ती आत कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि काचेवरचा लेप खाते. मग साफ करूनही डाग राहतो. त्यावर हजारो रुपयांचे विजेचे कपाट मिळते, पण आरंभी त्याची गरज नाही. रबराची कड असलेला, घट्ट झाकणाचा मोठा डबा घ्यावा आणि त्यात सिलिका जेलचे मणी कापडी पुरचुंडीत घालून ठेवावेत. ओल शोषली, की निळे मणी गुलाबी आणि नारिंगी मणी हिरवट होतात. मग जुन्या तव्यात मंद आचेवर परतले, की ते पुन्हा कामाला येतात. तो तवा मात्र पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये. निळ्या मण्यांत कोबाल्ट असते आणि ते पोटात जाता कामा नये. मुलांच्या हाती मणी लागू देऊ नयेत. डब्यात ओलमापक ठेवला तर उत्तम. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये असावा. काही जणी मण्यांऐवजी तांदूळ ठेवतात, पण तांदूळ ओल कमी शोषतात आणि त्यांची पिठी आत जाते. चामडी केसमध्ये कॅमेरा वर्षभर ठेवू नये, चामडे ओल धरून ठेवते.

भिंग पुसायला पदर वापरू नये, आणि तोंडाने फुंकरही घालू नये. फुंकरीबरोबर थुंकीचे कण जातात. रबरी फुगा दाबून आधी धूळ उडवावी, आणि मग मायक्रोफायबरच्या फडक्याने हलके पुसावे. ही दोन्ही अगदी स्वस्त असतात.

एवढे झाले, की मग वहीकडे पाहावे. बहुतेकींच्या वहीत "हात हलला" हे पहिले येईल. त्यावर स्टँड, म्हणजे तिपाई. दुकानात ती पूर्ण उघडावी आणि वरून तळहाताने दाबून पाहावी. डुगडुगली, तर कितीही स्वस्त असली तरी परत ठेवावी. कॅमेरा व भिंग यांच्या वजनाच्या दुप्पट वजन पेलणारी असावी. मधली दांडी वर काढली, की स्थैर्य कमी होते. म्हणून आधी पाय लांबवावेत. खाली आकडा असेल, तर त्याला सामानाची पिशवी अडकवावी. बटण दाबतानाचा धक्का टाळायला वेगळा रिमोट नको. कॅमेऱ्यातच दोन सेकंदांचा टायमर असतो.

आणि तिपाईआधी एक घरगुती उपाय करून पाहा. जाड कापडाची वीतभर पिशवी शिवा, तिच्यात किलोभर मूग भरा आणि तोंड पक्के शिवून टाका. खिडकीच्या कट्ट्यावर, खुर्चीच्या पाठीवर ती ठेवून वर कॅमेरा टेकवला, की हलत नाही. आपल्या शिवणाच्या वर्गात एका दुपारी दहा पिशव्या होतील.

दुसरे कारण येईल "उजेड कमी". लगेच फ्लॅश घेऊ नका. माणसाला खिडकीशी बाजूने बसवा. चेहऱ्याची दुसरी बाजू काळी पडली, तर तिकडे पांढरा पुठ्ठा धरा. ऊन फार प्रखर असेल, तर मध्ये पातळ पांढरी ओढणी लावा. स्टुडिओतली महागडी साधने हेच काम करतात. हे करूनही घरातल्या कार्यात उजेड पुरेना, तर वेगळ्या फ्लॅशऐवजी पैसे साठवून ५० मिलिमीटर, एफ १.८ चे भिंग घ्यावे. कॅमेऱ्याबरोबर येणारे साधे भिंग लांबवल्यावर एफ ५.६ वर येते. त्याच्या सुमारे दहापट उजेड हे भिंग आत घेते. जुने घेतले तरी चालते. मात्र उजेडापुढे धरून आत बुरी नाही ना, ते पाहून घ्यावे.

काय घेऊ नये, तेही सांगते. पूर्वी फिल्मला अतिनील किरणांचा त्रास होत असे म्हणून यूव्ही काच लावत. आजच्या कॅमेऱ्याला त्यासाठी ती लागत नाही. भिंगाच्या रक्षणासाठी हवे तर हूड घ्यावा. तो धक्काही सोसतो आणि आडवे ऊनही अडवतो. रंगीत काचांचा संच आणि भिंगावर चढवायची स्वस्त भिंगे यांनी चित्र धूसर होते. पाण्यावरची आणि पानांवरची चकाकी घालवणारी पोलरायझर काच तेवढी खऱ्या उपयोगाची, पण ती नंतर. काच किंवा हूड घेताना भिंगावर लिहिलेले माप पाहावे. कोणाचे ४९, कोणाचे ५२, कोणाचे ५८ मिलिमीटर असते.

माझाच हिशेब सांगते. २०२२ साली कार्ड ५५०, बॅटरी ९००, फुगा १८०, फडके १२०, मणी २०० आणि तिपाई १७००, असे ३६५० रुपये झाले. डबा घरचाच. भाव आज बदलले असतील, पण क्रम तोच ठेवावा. मुंबईला फोर्टात बोराबाजारात कॅमेऱ्याची पुष्कळ दुकाने आहेत. तिथे जा किंवा गावातच घ्या. आधी तीन ठिकाणी भाव करा, पावती घ्या आणि हमी कोण देणार ते तिच्यावर लिहून घ्या. भाजी घेताना आपण कोणाला फसत नाही, मग इथेच का बावरावे?

होमाई व्यारावाला यांचे नाव आपण ऐकले असेल. त्या १९१३ साली जन्मल्या, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या, आणि भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या. त्यांची सुरुवातीची छायाचित्रे पतीच्या नावाने छापली जात. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. दिल्लीत साडी नेसून, सायकलवरून, जड कॅमेरे घेऊन त्या कामाला जात. त्यांच्या मानाने आपले ओझे किती हलके! आणि आज आपला फोटो आपल्या नावाने छापता येतो.

शेवटी एक विनंती. आपल्या मंडळात सत्तरी ओलांडलेल्या अनेक भगिनी आहेत. त्यांतल्या कित्येकींचा एकटीचा, नीट बसून काढलेला फोटो घरात नाही. आहे तो समूहात मागच्या रांगेत, नाही तर आधार कार्डावरचा. त्यांना येत्या महिन्यात खिडकीशी बसवू, पांढरा पुठ्ठा धरू आणि एकेकीचा छान फोटो काढू. त्यासाठी दोन चांगली कार्डे आणि मुगाची पिशवी एवढे पुरे. बाकीचे सामान सावकाश येईल.