चौघांची सही

श्रोतेहो, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची मंडळी फुटली की कारणं बहुधा दोनच निघतात: पैसा आणि नाव. चाल कुणाची, शब्द कुणाचे, श्रेय कुणाला? आज एका अशा बँडविषयी बोलणार आहे, ज्यानं ही भांडणाची जागाच ठेवली नव्हती.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथल्या एका रेकॉर्डच्या दुकानात पीटर बक नोकरी करायचा. मायकेल स्टाइप तिथं गिऱ्हाईक म्हणून यायचा. दोघांची आवड जुळली. माइक मिल्स आणि बिल बेरी हे शाळासोबती येऊन मिळाले. ५ एप्रिल १९८० रोजी, वापरात नसलेल्या एका चर्चमध्ये, मैत्रिणीच्या वाढदिवसाला चौघं पहिल्यांदा वाजवायला उभे राहिले. तोच पुढं ‘आर.ई.एम.’ झाला.

१९८३ साली त्यांचा ‘मर्मर’ हा अल्बम आला. मर्मर म्हणजे पुटपुट. नाव अगदी सार्थ, कारण स्टाइपचे शब्द धड कळतच नसत. मी कविता लिहिणारा माणूस, मला खरं तर याचा राग यायला हवा. पण अर्थ हाती लागण्याआधीच भाव पोचतो, हे त्या पुटपुटीनं मला पटवलं. विद्यार्थी चालवत असलेल्या कॉलेज रेडिओ केंद्रांनी ही गाणी उचलून धरली. बाजारी रॉकहून वेगळं, म्हणून त्याला ‘अल्टरनेटिव्ह’ म्हणू लागले.

१९९१ साली मेंडोलिनवरच्या ‘लूझिंग माय रिलिजन’नं त्यांना जगभर नेलं. नावावरून अनेकांना वाटतं, हे धर्म सोडण्याचं गाणं. पण अमेरिकेच्या दक्षिणेत त्या शब्दांचा अर्थ एवढाच, की आता माझा धीर सुटला!

कीर्ती आली, पण नियम बदलला नाही. गाणं कुणालाही सुचो, खाली नावं चौघांची आणि पैशाचा वाटा सारखा. एकाचा नकार असेल तर गोष्ट व्हायची नाही.

१ मार्च १९९५ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथं कार्यक्रम चालू असताना ढोलवादक बेरीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. शस्त्रक्रियेनं तो वाचला. १९९७ साली त्यानं निरोप मागितला, तोही एका अटीवर: माझ्यामुळं बँड मोडणार असेल तर मी जात नाही. मग तो शेतावर गेला आणि गवत पिकवू लागला. उरलेल्या तिघांनी पाच अल्बम केले. पूर्वीची लोकप्रियता मात्र परतली नाही.

२१ सप्टेंबर २०११ रोजी त्यांनी थांबत असल्याचं जाहीर केलं. भांडण नाही, कोर्टकचेरी नाही. मेजवानीतून कधी उठावं हे कळणं हेच कसब, अशा अर्थाचं स्टाइप तेव्हा बोलला होता.

कविसंमेलनात आम्हा कवींना नेमकं हेच जमत नाही. टाळ्या पडल्या की ‘आणखी एक’ म्हणत आम्ही वही उलटतो!

जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कला गीतकारांच्या सन्मानसोहळ्यात हे चौघं पुन्हा एकत्र उभे राहिले. बेरीही होता. मेंडोलिनवरचं तेच एक गाणं त्यांनी वाजवलं आणि चौघं आपापल्या घरी गेले.