कुमारवयाची सवड कोणाच्या वाट्याला?

(खोपट, ठाणे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



कुमारवयीन मुलांविषयी बोलताना आपण एक तर मुलांना उपदेश करतो किंवा आईबापांना दोष देतो. ज्या परिस्थितीत ती दोघेही अडकलेली असतात, ती मात्र चर्चेबाहेर राहते.

एरिक एरिकसन या मानसशास्त्रज्ञाने १९५० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मानसिक विकासाचे आठ टप्पे मांडले. ‘मी कोण?’ हा कुमारवयाचा मध्यवर्ती प्रश्न. त्याचे उत्तर शोधण्यासाठी समाजाने तरुणाला काही काळ सवड द्यावी लागते. निरनिराळ्या वाटा चोखाळण्याची, चुकण्याची, पुन्हा उभे राहण्याची ती सवड होय. उत्तर नीट सापडले नाही, तर पुढील आयुष्यातील मैत्री आणि सहजीवनही डळमळते, असे त्याचे प्रतिपादन होते.

ही सवड आपल्या समाजात समान वाटली गेलेली नाही. शेजारच्या वागळे इस्टेटमधील अनेक कारखाने गेल्या काही दशकांत बंद पडले. बाप बेकार झाला की सोळा वर्षांचा मुलगा एका दिवसात कर्ता होतो. मुलीची शाळा सुटते आणि तिच्या लग्नाची घाई सुरू होते. एका खोलीच्या घरात एकट्याने रडायलाही जागा नसते. जी घुसमट बाहेर पडते तिला आपण उर्मटपणा म्हणतो. जी आतच राहते तिला समंजसपणा म्हणून गौरवतो.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चार-पाच मुले.

ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ‘आय. पी. एच.’ ही संस्थाही येथेच उभारली. परंतु मुलाच्या रोजच्या वाटेवर असते ती शाळा. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. आपल्या वस्तीतील शाळेत ही व्यक्ती कोण, असे प्रत्येक शाखेने मुख्याध्यापकांना लेखी विचारावे. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक वस्तीच्या फलकावर लिहावा.

अर्थात, समुपदेशक बापाची गेलेली नोकरी परत आणू शकत नाही. म्हणून अभ्यासिका, मैदान, शिष्यवृत्ती आणि रोजगार या आपल्या जुन्याच मागण्या मानसिक आरोग्याच्याही मागण्या आहेत, हे ओळखून त्या अधिक नेटाने मांडूया.